कोकणातल्या घराची दुरुस्ती दुरून ठरवताना : व्हीआर हेडसेट कोणाकडे, मोबाईल कोणाकडे

घर एक, हिस्सेदार पाच आणि त्यांतले चार मुंबई-पुण्याला किंवा देशाबाहेर, ही स्थिती कोकण किनाऱ्यावरच्या कौलारू घरांना नवीन नाही. पडवीचा वासा वाळवीने पोखरला, मागील दाराची भिंत ओल धरू लागली किंवा माजघरावरचे आढे खचले, की निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा असतो, पण घर प्रत्यक्ष पाहिलेले असते एकानेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा टाळेबंदी चालू होती, आणि आपल्या छपराचे काय झाले हे अनेक चाकरमान्यांना मोबाईलवर आलेल्या छायाचित्रांवरूनच ताडावे लागले. व्हिडिओ कॉलने ही अडचण पुरती सुटत नाही. पडद्यावर आढ्याची उंची, छपराचा उतार आणि दोन खांबांमधले अंतर यांचा अंदाज येत नाही. शिवाय कॅमेरा धरणारा जिकडे वळेल तिकडेच सर्वांना पाहावे लागते.

घराची त्रिमितीय प्रतिकृती करून ती व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या चष्म्यात, मूळ मापात उभी केली, तर डोंबिवलीची बहीण आणि दुबईचा भाऊ एकाच पडवीत एकाच वेळी उभे राहून, एकमेकांच्या हाताची दिशा पाहत बोलू शकतात. हे कसे साधावे ते पुढे सांगितले आहे. मात्र एक वाटणी आरंभीच ठरवून टाकावी : हेडसेट दूरच्या माणसाकडे आणि मोबाईल घरातल्या माणसाकडे. उत्साहाच्या भरात नेमके उलटे केले जाते. महागडा हेडसेट गावी पाठवला जातो आणि काकांच्या डोक्यावर चढवला जातो. काकांना घर डोळ्यांसमोर दिसतच असते. त्यांना हवे असतात मोकळे हात, पायाखालचा ओटा नीट दिसणे आणि खिशात मोजायचा टेप. ज्याला घर दिसत नाही, हेडसेटची गरज त्याला आहे.

पावसात खुणा, थंडीत स्कॅन

कोकणात दुरुस्तीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. कौले उतरवण्याचे काम शिमग्यानंतर सुरू करून मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७-८ जूनच्या आत, मिटवावे लागते. त्यासाठी सुतार आणि गवंडी पौष-माघातच बोलून ठेवावे लागतात. आणि म्हणून हिस्सेदारांचा निर्णय मार्गशीर्षापलीकडे ढकलून चालत नाही. गळती मात्र दिसते ती श्रावण-भाद्रपदात. थंडीत केलेल्या स्कॅनमध्ये कोरडी भिंत दिसते आणि दूरचा भाऊ विचारतो की गळते तरी कुठे? यासाठी गणपतीला सगळे घरी जमलेले असतात त्याच दिवसांत गळतीची प्रत्येक जागा हुडकून तिच्याखालच्या भिंतीवर किंवा खांबावर ऑइल पेंटचा छोटा ठिपका द्यावा. खडूची खूण ओलीने पुसली जाते, ठिपका टिकतो आणि स्कॅनमध्ये स्पष्ट येतो. नुसता थेंब पडतो तिथे एक रंग आणि धार लागते तिथे दुसरा, एवढा भेद पुरे. त्याहून बारीक वर्गवारी केली तर ती पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

स्कॅन करण्यापूर्वी घराला क्रमांक घालावेत. हे काम तंत्रज्ञानाचे नाही, परंतु पुढची सगळी बैठक यावर उभी राहते. प्रत्येक खांब, तुळई आणि पोखरल्याचा संशय असलेला प्रत्येक वासा यांवर ठळक अक्षरात लिहिलेला कागद चिकटवावा : पुढच्या पडवीचे खांब प१, प२, प३, माजघराचे म१, म२ असे. डावे-उजवे हे शब्द पूर्ण टाळावेत, कारण हेडसेट घातलेला माणूस कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. दिशांसाठी घरातलेच शब्द घ्यावेत : समुद्राकडची बाजू, डोंगराकडची बाजू, तुळशीकडची, मागील दाराकडची. ‘समुद्राकडच्या पडवीचा चार नंबरचा वासा’ असे म्हटले, की तिघांच्या नजरा एकाच लाकडावर जातात.

स्कॅन कसा घ्यावा

दोन मार्ग आहेत. ॲपलच्या प्रो गटातल्या आयफोनमध्ये, आयफोन १२ प्रोपासून पुढे, लायडार संवेदक असतो. तो प्रकाशाचा झोत वस्तूवर आपटून परत येण्याला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजतो. पॉलिकॅम किंवा स्कॅनिव्हर्ससारखे ॲप उघडून खोलीतून हळूहळू फिरले की प्रतिकृती तयार होते. त्याचा पल्ला सुमारे पाच मीटरचा असल्याने उंच आढे खालून नीट टिपले जात नाही. माळ्यावर चढून छपराचा आतला भाग वेगळा घ्यावा. दुसरा मार्ग साध्या मोबाईलचा : एकाच भागाची पुष्कळ छायाचित्रे थोडे थोडे सरकत काढायची आणि त्यांतल्या समान बिंदूंवरून सॉफ्टवेअरने आकार बांधायचा. यात लगतच्या दोन छायाचित्रांत साधारण ७० टक्के भाग सामाईक यावा लागतो. एका जागी उभे राहून नुसता मोबाईल फिरवला तर काही साधत नाही, कारण वस्तू किती दूर आहे याचा अंदाज येण्यासाठी कॅमेऱ्याची जागा बदलावी लागते.

जांभ्याचा उघडा चिरा या कामाला फार सोयीचा आहे. त्याच्या सच्छिद्र, खरबरीत पृष्ठभागावर संगणकाला ओळखीचे बिंदू भरपूर सापडतात. चुन्याने पांढरी केलेली माजघराची भिंत मात्र त्याला गोंधळात टाकते. तिच्यावर वर्तमानपत्राची पाने तिरकीतारकी चिकटवली की काम होते. चकचकीत लादी, आरसा आणि काच यांच्या जागी प्रतिकृतीत भोके पडतात किंवा खोटी खोली दिसते, तेव्हा आरशावर चादर टाकावी आणि लादीवर जाजम अंथरावे. कोकणातले माजघर भर दुपारीही अंधारे असते. अशा ठिकाणी मोबाईलचा फ्लॅश वापरू नये, कारण तो कॅमेऱ्याबरोबर हलतो आणि प्रत्येक छायाचित्रात सावल्या बदलतात. त्याऐवजी दोन एलईडी दिवे कोपऱ्यांत स्थिर ठेवावेत. बाहेरची बाजू टिपायला ढगाळ सकाळ उत्तम. माडांच्या झावळ्या वाऱ्याने हलत असतील तर त्या धूसर येतील, त्यांची चिंता करू नये.

ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि पडवी असे संपूर्ण घर एका दमात स्कॅन करण्याचा मोह आवरावा. चालताना फोन स्वतःची जागा अंदाजाने ठरवत असतो आणि त्यातली बारीक चूक पावलागणिक साठत जाते. चौथ्या खोलीपर्यंत भिंती एकमेकींत घुसलेल्या दिसू लागतात. प्रत्येक दालन वेगळे घ्यावे, फेरी जिथून सुरू केली तिथेच संपवावी आणि दोन दालनांमधला दरवाजा दोन्ही स्कॅनमध्ये येऊ द्यावा, म्हणजे पुढे जुळवणी सोपी जाते.

माप हा सर्वांत नाजूक भाग आहे. केवळ छायाचित्रांवरून बांधलेल्या प्रतिकृतीला स्वतःचे माप नसते. तिच्यात घर दहा फुटांचे आहे की दहा इंचांचे हे संगणकाला कळत नाही. प्रत्येक दालनात एक मीटरची पट्टी जमिनीवर आणि एक भिंतीला टेकवून उभी ठेवावी, चौकटींची रुंदी-उंची टेपने मोजून वहीत लिहावी आणि त्यावरून प्रतिकृती मापात आणावी. लायडारचे मापही चौकटीशी ताडून पाहावे. भिंत कलली आहे का, हा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर स्कॅनकडे मागू नये. गवंड्याचा ओळंबा तिथे अधिक विश्वासाचा आहे आणि तो सोडायला पाच मिनिटे लागतात.

गेल्या काही वर्षांत गॉसियन स्प्लॅटिंग नावाची पद्धत लोकप्रिय झाली आहे. २०२३ मध्ये तिचे मूळ संशोधन प्रसिद्ध झाले. तिच्यातून झाडे, कौले आणि उन्हाचे कवडसे विलक्षण खरे दिसतात. पण ती घर म्हणजे सलग पृष्ठभाग न मानता रंगीत, पारदर्शक ठिपक्यांचा ढग मानते, त्यामुळे तिच्यावर मोजमाप करणे किंवा नवा वासा बसवून पाहणे अवघड जाते. आठवणीसाठी ती ठेवावी. दुरुस्तीसाठी साधी जाळीची, म्हणजे पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांनी विणलेली प्रतिकृती घ्यावी.

प्रतिकृती हलकी करून ठेवणे

स्वतंत्रपणे चालणाऱ्या हेडसेटमध्ये मोबाईलच्याच जातीची चिप असते, म्हणून कच्चा स्कॅन जसाच्या तसा त्यात घातला तर चित्र अडखळते, आणि अडखळणारे चित्र हे मळमळीचे पहिले कारण आहे. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डेसिमेट हे साधन वापरून त्रिकोणांची संख्या काही लाखांवर आणावी आणि फाईल जीएलबी स्वरूपात साठवावी. हे स्वरूप खुले आहे, आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले आहे आणि बहुतेक व्हीआर सेवा ते उघडतात.

स्वरूपाचा आग्रह धरण्याला कारण आहे. एकत्र बसण्याच्या आभासी जागा पुरवणाऱ्या सेवा फार काळ टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेसव्हीआर ही सेवा मार्च २०२३ मध्ये बंद केली. मोझिलाने हब्ज ही सेवा मे २०२४ अखेर थांबवली. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या मिश्र वास्तवाच्या (खऱ्या खोलीत आभासी वस्तू दाखवणाऱ्या) चष्म्याचे उत्पादनही २०२४ मध्येच संपले. हब्जचा स्रोतसंकेत खुला असल्याने तो आजही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो, पण तेवढी खटपट प्रत्येक कुटुंबाने करावी असे नाही. मूळ छायाचित्रे, मापांची वही आणि जीएलबी फाईल यांच्या प्रती दोन ठिकाणी आपल्याजवळ ठेवल्या, की सेवा कोणतीही असो, बंद पडली तर दुसरीकडे जाता येते. निवड करताना वेबएक्सआरवर चालणारी, म्हणजे ब्राउझरमधून उघडणारी सेवा घ्यावी. हेडसेट नसलेली वहिनी मग लॅपटॉपवरूनही त्याच पडवीत येऊ शकते.

प्रतिकृती उघडण्याच्या दुव्याला परवलीचा शब्द लावावा. प्रतिकृतीत कपाटे, कड्या-कुलुपे आणि रिकाम्या खोल्या स्पष्ट दिसतात, आणि वर्षातले आठ महिने बंद असलेल्या घराची अशी माहिती उघडी ठेवणे शहाणपणाचे नाही. देवघर स्कॅन करावे की नाही हे घरातल्या ज्येष्ठांना विचारावे आणि त्यांचे उत्तर मानावे.

हेडसेट डोक्यावर चढवताना

मेटा क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटचे वजन सुमारे अर्धा किलो असते आणि चार्ज दोन तासांच्या आसपास टिकतो. एवढा वेळ तो घालायचाच नसतो. पहिली खेप दहा मिनिटांची असावी, बसून असावी आणि गोल फिरणाऱ्या खुर्चीत असावी. डोळ्यांना आपण चालत आहोत असे दिसते, पण कानातल्या तोलाच्या इंद्रियाला शरीर स्थिर असल्याचे जाणवते. या विसंगतीमुळे घाम येतो, जीव घाबरा होतो आणि मळमळते. उपाय दोन. हातातल्या नियंत्रकाच्या दांडीने घसरत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेण्याची सोय सुरू करावी, आणि पहिली अस्वस्थता जाणवताच हेडसेट काढावा. नेटाने सहन केल्यास त्रास वाढतो. फेफरे येणाऱ्या किंवा चक्कर येण्याचा विकार असलेल्या व्यक्तीने लॅपटॉपवरूनच सामील व्हावे. चष्म्याची जागा आणि दोन भिंगांमधले अंतर प्रत्येकासाठी नव्याने जुळवावे. ज्येष्ठांना ‘नीट दिसत नाही’ असे वाटते तेव्हा निम्म्या वेळा दोष यातच असतो.

कार्डबोर्डच्या चष्म्यात मोबाईल घालून ३६० अंशांचे छायाचित्र पाहता येते आणि तो मार्ग स्वस्त आहे, पण त्यात मान वळवता येते, पाऊल पुढे टाकता येत नाही. खांबाच्या मागे डोकावून पाहणे, वाकून तुळईखालून जाणे या हालचालींतूनच घराच्या मापाची जाणीव होते. ती या चष्म्यात मिळत नाही. बजेट बेताचे असेल तर पाच स्वस्त चष्म्यांऐवजी एकच बरा हेडसेट घेऊन त्याचे दृश्य टीव्हीवर दाखवावे आणि तो आळीपाळीने घालावा.

बैठक चालवण्याची रीत

बैठकीत प्रतिकृती दोन मापांत वापरावी. छपराविषयी बोलायचे असेल तेव्हा मिश्र वास्तवाची सोय सुरू करावी, म्हणजे आपली खोली दिसत राहते आणि घर जेवणाच्या टेबलावर हातभर आकारात उभे राहते. छप्पर उचलून बाजूला ठेवता येते आणि पाणी कोणत्या पन्हाळीतून कुठे उतरते हे सर्वांना एका नजरेत कळते. खोली, पायरी, दरवाजा यांचा विषय निघाला की पूर्ण मापात आत शिरावे. पडवी बंद करून खोली काढायची की नाही, हा कोकणातला नेहमीचा वाद इथे चटकन निवळतो, कारण नियोजित भिंतीच्या जागी तेवढ्याच मापाचा एक साधा ठोकळा उभा केला की माजघरात येणारा उजेड कसा अडेल हे सांगावे लागत नाही.

तरीही दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. हेडसेटमध्ये अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. नव्या हेडसेटमध्ये हा दोष कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही. त्यामुळे ‘खोली लहान वाटते’ यावर निर्णय न घेता वहीतले माप वाचावे. दुसरे असे, की व्हीआर दिसणाऱ्या गोष्टीच्या बाजूने झुकते माप देते. कौलांऐवजी पत्रा घातलेले घर हेडसेटमध्ये नेटके दिसते, परंतु पत्र्याखालचा वैशाख आणि आषाढात त्याच्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज तिथे नसतो. या बाबतीत घरात राहणाऱ्याच्या मताला दोन मते समजावे, असे मला वाटते.

नेटविषयी अनाठायी भीती बाळगली जाते. प्रतिकृती एकदा उतरवून घेतली की बैठकीत फक्त आवाज आणि हालचाल जाते. डोके व दोन हात या तिन्हींची जागा सांगायला प्रत्येकी तीन आणि दिशा सांगायला प्रत्येकी चार, असे एकवीस आकडे सेकंदाला काही वेळा पाठवले की आकृती हलती राहते. व्हिडिओ कॉलपेक्षा हा भार पुष्कळ कमी आहे. खरा प्रश्न विलंबाचा असतो. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे; त्याहून उशीर होऊ लागला की सगळे एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. तेव्हा बोलण्याची पाळी नावानिशी द्यावी. गावाकडे रेंज ओटीवर असते आणि दीड-दोन फुटांच्या जांभ्याच्या भिंतीआड माजघरात नाहीशी होते. राउटर मधल्या दारात ठेवावा आणि त्याला छोटा बॅटरी-यूपीएस जोडावा, कारण वीज जाणार हे गृहीत धरलेले बरे.

सुताराबरोबर थेट काम

काम सुरू झाल्यावर हेडसेटचे महत्त्व कमी होते आणि मोबाईलवरच्या खुणांचे वाढते. दूरच्या माणसाने थेट चित्रावर बाण काढला आणि मोबाईल हलला तरी तो बाण त्याच चिऱ्यावर चिकटून राहिला, ही सोय व्हुफोरिया चॉकसारख्या ॲपमध्ये आहे. त्यासाठी अँड्रॉइड फोन एआरकोअरला, म्हणजे खऱ्या दृश्यावर खुणा स्थिर ठेवणाऱ्या गूगलच्या प्रणालीला, अनुकूल असावा लागतो. अंधारात आणि कोऱ्या भिंतीवर हा बाण घसरतो, तेव्हा शेजारचा क्रमांक बोलून खात्री करून घ्यावी. मोबाईल सुताराच्या हातात देऊ नये. घरातल्या कोणीतरी तो धरावा. छपरावर चढलेल्या माणसाशी कॉलवर बोलू नये, त्याला खाली येऊ द्यावे.

वासा आतून पोकळ आहे का, हे सुतार हातोडीने ठोकून आवाजावरून ओळखतो. कॉलिंग ॲप मात्र ठोकण्याचा आवाज हा गोंगाट समजून गाळून टाकते, आणि दूरच्या माणसाला सुतार नुसता हात हलवताना दिसतो. सेटिंगमध्ये आवाज गाळण्याची सोय बंद करावी. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे. भरीव आणि पोकळ अशा दोन्ही वाशांचा आवाज एकापाठोपाठ ऐकवला, तर वासा बदलायचा की नुसते औषध मारायचे यावरचा अर्धा वाद तिथेच संपतो.

ठरलेली प्रत्येक गोष्ट क्रमांकासह त्याच दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहावी : कोणता वासा, कोणते लाकूड, किती लांबी, किती खर्च, कोणी मान्यता दिली. आभासी पडवीत मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे. सामाईक घरात भिंत पाडायची किंवा नवी खोली काढायची असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी सही घ्यावी आणि बांधकामाच्या परवानगीची चौकशी आधी करावी.

काम संपल्यावर कौले चढवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा स्कॅन घ्यावा. पहिल्यात नवे वासे, सांधे आणि वायरिंग दिसते, जे पुढे वर्षानुवर्षे झाकले जाणार असते. दुसरा स्कॅन वादळात नुकसान झाल्यास पंचनाम्याच्या वेळी पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून दाखवता येतो. फाईलच्या नावातच तारीख आणि दालन लिहावे. हेडसेट गावी आणलाच असेल तर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, नाहीतर दमट, खाऱ्या हवेत भिंगांवर बुरशी चढते. ओटीवर ठेवताना भिंगे उन्हाकडे करू नयेत. त्यांतून एकवटलेले ऊन काही क्षणांत आतला पडदा जाळते.